समुद्र यंदा नाही

लेकीच्या तिरळेपणाचं ऑपरेशन मेमध्ये घेतलं, शाळेला सुट्टी म्हणून. चष्मा झाला, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून झाली. नजर सुधारली, पण डोळा आत वळायचाच. ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढत नाहीत, फक्त तो हलवणाऱ्या स्नायूंची जागा किंवा लांबी बदलतात. हे सासूबाईंना कितीदा समजावलं, तरी त्यांनी सिद्धरामेश्वराला नवस बोललाच.

लहान मुलांना पूर्ण भूल देतात, त्यामुळे आधी सहा तास खाणं बंद. वेंगुर्ल्याहून आईचा फोन: "गो, चेडवाक उपाशी कित्याक ठेवलंस?"

नंतर डोळा लालभडक. खरी कसरत थेंबांची. बाटली दिसली की ही डोळे घट्ट मिटायची. शेवटी नवऱ्याने युक्ती काढली: उताणं झोपवायचं, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि म्हणायचं, "आता उघड." थेंब आपोआप आत. आमच्या ह्यांना एवढं सुचेल असं वाटलं नव्हतं.

दरवर्षीचं माहेर मात्र हुकलं. काही आठवडे समुद्राचं पाणी नको, वाळू नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मग आईच एसटीने आली, कोकम, आंबे आणि सुकटीचा डबा घेऊन. आमचं घर लिंगायत. डबा गॅलरीतच राहिला. सध्या दोघी आज्यांचं नातीला पेज द्यायची की ज्वारीची भाकरी यावरून जुंपलंय, आणि नात दोघींकडून आंबा उकळतेय.