डेल्टा कुठे गेला?

औद्योगिक उपकेंद्रांतील संरक्षण यंत्रणेच्या चाचण्या घेणे हा माझा व्यवसाय असून, आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संघटनेच्या आमच्या भागातील चाप्टरचे सचिवपदही माझ्याकडे आहे. बारा सदस्यांच्या सह्या जमल्या की चाप्टरसाठी अर्ज करता येतो. त्यानंतर सभागृह ठरवणे, वक्त्यांना फोन करणे आणि वर्षातून किमान दोन तांत्रिक सभा झाल्याचे कळवणे हे सचिवाच्या वाट्याला येते. श्रोते कमी पडू नयेत म्हणून, ही गोष्ट ज्या सभेची आहे ती, आम्ही महिला अभियंत्यांचा गट आणि आजीव सदस्यांचा गट यांच्यासोबत घेतली होती. आजीव सदस्यत्वासाठी वय किमान 65 आणि वय व सदस्यत्वाची वर्षे यांची बेरीज किमान 100 लागते, त्यामुळे त्या गटात बसणाऱ्यांची कारकीर्द सहसा काट्यांच्या मीटरांपासून सुरू झालेली असते.

त्याच सुमारास एका कारखान्यातील 33/11 केव्ही ट्रान्सफॉर्मरचे प्रकरण माझ्याकडे होते. जुना रिले (दोष ओळखून वीज तोडायला लावणारे उपकरण) काढून नवा न्यूमेरिकल, म्हणजे गणिताने निर्णय घेणारा, रिले बसवल्यापासून, पावसात 11 केव्हीच्या एखाद्या फीडरवर (पुरवठ्याच्या वाहिनीवर) अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे प्रवाह जमिनीत गेला, की फीडरसोबत ट्रान्सफॉर्मरचे डिफरेन्शियल संरक्षणही (दोन्ही बाजूंच्या सीटींनी, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरांनी, दिलेल्या प्रवाहांतला फरक पाहणारे) ट्रिप होई आणि सारा कारखाना अंधारात जाई. ट्रान्सफॉर्मरच्या सर्व चाचण्या निर्दोष होत्या आणि नेहमीच्या भारावर रिले डिफरेन्शियल करंट जवळजवळ शून्य दाखवीत होता, त्यामुळे संशय घ्यावा तरी कशावर, हेच कळेना.

व्याख्यान संपल्यावर, कारखान्याचे नाव न घेता, मी हे सभेपुढे मांडले. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या एका आजीव सदस्यांनी ट्रान्सफॉर्मरचा व्हेक्टर ग्रुप, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेटोळ्यांची जोडणी, विचारला. तो डीवायएन 11, म्हणजे 33 केव्हीची बाजू डेल्टात (त्रिकोणी जोडणीत) आणि 11 केव्हीची बाजू स्टारमध्ये (तीन टोके एका बिंदूत), असल्याचे सांगताच ते म्हणाले, "जुन्या रिलेच्या वेळी 11 केव्हीच्या बाजूचे सीटी डेल्टात जोडलेले असणार. तो डेल्टा आता कुठे आहे?"

"नव्या रिलेसाठी सगळे सीटी स्टारमध्ये घेतले आहेत, साहेब," मी म्हणालो.

अर्थ फॉल्टमधील झिरो सीक्वेन्स प्रवाह (तिन्ही फेजांत एकाच वेळी सारखाच वाहणारा भाग) ट्रान्सफॉर्मरच्या स्टार बाजूला वाहतो, पण डेल्टा बाजूच्या लाइनमध्ये तो येत नाही; म्हणून तो वगळला नाही तर रिलेला दोन बाजूंत खोटा फरक दिसतो. जुन्या जोडणीत तो सीटीच्या डेल्टातच फिरत राही आणि रिलेपर्यंत पोहोचत नसे. न्यूमेरिकल रिलेमध्ये तो वगळण्याचे काम गणिताने होते, मात्र त्यासाठीचे सेटिंग चालू असावे लागते. संतुलित भारात झिरो सीक्वेन्स नसतोच, म्हणून रोजच्या आकड्यांत ही त्रुटी दिसण्याचा संभव नव्हता. महिला गटातील एक तरुण अभियंती तेवढ्यात म्हणाली, "सर, काही रिलेंमध्ये कोनाची दुरुस्ती आणि झिरो सीक्वेन्स वगळणे ही दोन वेगळी सेटिंग्ज असतात. दुसरे बंदच राहिले असेल." तिची कंपनी त्या रिलेच्या उत्पादकाची प्रतिस्पर्धी आहे, आणि कार्यालयीन वेळेत हे वाक्य तिच्याकडून मला मिळाले नसते, असे मला वाटते.

ते सेटिंग खरोखरच बंद निघाले. भार काढून ते चालू केले, दुय्यम बाजूने करंट देऊन बाहेरच्या अर्थ फॉल्टची स्थिती तपासली आणि रिले स्थिर राहिला. पुढे प्रत्यक्ष फॉल्ट आला तेव्हा फक्त संबंधित फीडर सुटला.

यानंतर कारखान्याच्या व्यवस्थापकांनी चाप्टरच्या नावाने लेखी अहवाल मागितला, कारण तो ठेकेदाराला दाखवता आला असता. कार्यकारिणीने नकार दिला आणि मला तो योग्य वाटला: सदस्य तिथे मोकळेपणाने बोलतात ते त्यांच्या बोलण्याचा कोणी दाखला करणार नाही या भरवशावर, आणि चाचणीची जबाबदारी माझ्या व्यवसायाची होती, सभेची नव्हे. अहवाल मी माझ्या सहीने दिला. चाप्टरच्या नोंदीत त्या दिवशीचा विषय, उपस्थिती आणि "चर्चा झाली" एवढेच आहे.