दुहेरी टीप

सकाळी साडेदहाला माझ्या हॉलमध्ये आठ मुली भरतनाट्यमच्या पोशाखात उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीलाही खाली बसता येत नव्हतं.

उभ्या छान दिसत होत्या हो. मोरपंखी रंग, लाल काठ, गळ्याला बारीक गोट. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तेवढ्यात डान्सच्या मॅडम म्हणाल्या, "चला, अरमंडी." अरमंडी म्हणजे पावलं आणि गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून अर्धं बसायचं. भरतनाट्यमचा निम्मा नाच त्याच बैठकीत होतो. आठही मुली बसायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. एसटीत बसता बसता सीट ओली असल्याचं कळावं, तशा. शेवटच्या रांगेतली एक जरा जोमदार होती, तिने गुडघे जोर लावून फाकवले. कर्र असा आवाज आला.

"काकू, फाटलं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पोशाखाकडे पाहिलं. सहाला कार्यक्रम होता, तोही नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात, आणि आम्ही राहतो पार नंदनवनला.

मी काही शिकलेली डिझायनर नाही. फॉल-पिको आणि ब्लाउज हा माझा रोजचा धंदा. पण डिसेंबर लागला की शाळाशाळांतून गॅदरिंगचे दिवस येतात आणि नाचाचे कपडे शिवून द्यायला कुणी तयार नसतं, कारण घाई फार, पैसे कमी आणि कपडा एकदाच घालायचा. मी घेते. त्यामुळे माझ्या नावावर चुकांचा चांगला साठा जमलाय.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. दुसरीतल्या एका मुलीचा घागरा होता. आईने व्हॉट्सॲपवर माप पाठवलं: कंबर ५८. मला जराही शंका आली नाही. टेपच्या एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, हे मलाही माहीत होतं आणि त्या बाईंनाही. फक्त आम्ही दोघी टेपच्या वेगवेगळ्या बाजूंनी बघत होतो. ५८ सेंटिमीटर म्हणजे तेवीस इंचाला थोडं कमी. मी ५८ इंचाचा शिवला. न्यायला मुलीचे वडील आले. त्यांनी तो घागरा दोन्ही हातांनी पसरला, हात पुरेनात, तेव्हा अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, एकाच पोरीचा आहे जी."

दुसऱ्या वर्षी कोळीनृत्याचे सहा शर्ट. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, पुढच्या बाजूला जास्त खोल असतो, म्हणून कापड दुहेरी घालून बाह्या कापायच्या, म्हणजे आपोआप एक डावी आणि एक उजवी निघते. मी कापड वाचवायच्या नादात सॅटिन एकेरी पसरलं आणि खडूने एकाखाली एक आखत गेले. सहा मुलं, बारा बाह्या, बाराही उजव्या. सॅटिनला उलटी-सुलटी बाजू असते, त्यामुळे उलटवून लावायचीही सोय नाही. शेवटी सहा डाव्या बाह्यांसाठी पुन्हा गांधीबागला गेले, तर त्या निळ्याचं ठाण संपलेलं. दुसरा निळा आणला. बघणाऱ्यांना ती फॅशन वाटली.

भरतनाट्यम मात्र मी या वर्षीच पहिल्यांदा घेतलं, आणि मान ताठ करून घेतलं. हे शिवणकाम आधी नीट समजून घ्यावं लागतं. एका साडीत एक पोशाख. काठ कापून वेगळा ठेवायचा, पदराचा पंखा करायचा. खाली पायजमा, त्याचं आसन सैल, आणि दोन पायांच्या मध्ये निऱ्यांचा पंखा. हा पंखा वर कमरेला पक्का असतो, दोन्ही कडांनी पायजम्याच्या आतल्या बाजूंना शिवलेला असतो आणि मधल्या निऱ्या मोकळ्या. मुलगी अरमंडीत बसली की पंखा उघडतो, उठली की मिटतो. मॅडम सांगत होत्या की पूर्वी हा नाच नेसलेल्या साडीतच व्हायचा. असा शिवलेला पोशाख रूढ झाला त्यात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा मोठा वाटा. १९३६ मध्ये चेन्नईत कलाक्षेत्र सुरू केलं, त्या. मी मान डोलावली आणि विचारलं, निऱ्या किती इंचाच्या.

तर निऱ्या एक इंचाच्या. एकेक निरी मोजून, ओलं फडकं घालून इस्त्री मारायची. आणि ती घडी बसावी म्हणून पंख्यावरून आडवे तीन कच्चे टाके घालून ठेवायचे. साधा धावदोरा, मोठा मोठा, पांढऱ्या दोऱ्याने, म्हणजे काढताना चटकन दिसावा. घालायच्या वेळी दोरा ओढला की पंखा मोकळा. रात्री दीड वाजता मी आठवा पंखा टाचला, सगळे पोशाख हँगरला लावून दाराच्या कडीला टांगले आणि रजई डोक्यावरून घेऊन झोपले. डिसेंबरातली नागपूरची थंडी, काय सांगू. पहाटे कधीतरी झोपेत मशीन चालल्याचं ऐकलं. मला वाटलं स्वप्नातही मीच शिवतेय.

आता साडेदहाला त्या जोमदार मुलीचा पंखा मी हातात घेतला. पांढरा दोरा नव्हता. त्याच्या जागी मोरपंखी दोऱ्याची बारीक, सरळ, देखणी टीप होती. तिच्या शेजारी पाव इंचावर दुसरी.

मी स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "आई!"

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहऱ्यावर इतकं समाधान की मला पुढचं विचारायची गरजच नव्हती.

"अवं, तू त निस्ते कच्चे टाके घालून ठेवले होते. पोट्ट्या नाचतीन त सुटून जाईन सारं. मंग मीच मारून देल्ली टीप."

"सगळ्यांना?"

"सगळ्याईले. दोनदोनदा."

इथे त्यांच्याविषयी सांगायला हवं. त्यांनी चाळीस वर्षं याच पायमशीनवर गोधड्या, पिशव्या आणि नवऱ्याच्या बंड्या शिवल्या. त्यांनी शिवलेल्या पिशवीत विटा भरून पायी रामटेकला जा, टाका हलायचा नाही. कच्चा टाका ही त्यांच्या मते आळशी बायांनी काढलेली पळवाट. चार वाजता त्या उठल्या, सुनेचं अर्धवट काम पाहिलं, त्यांना माझी दया आली. आठ पंखे, प्रत्येकाला तीन ओळी, प्रत्येक ओळीला दोन टिपा. अठ्ठेचाळीस टिपा, आणि त्याही आठ-दहा निऱ्यांच्या थरातून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी एकही टीप वाकडी नाही. मी त्यांच्यावर चिडले होते, पण ती सफाई बघून जरा जळलेही, हे खोटं कशाला बोलू.

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी साड्या नेसवून नाचवते." आठ मुलींची तोंडं पडली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची आमची भाडेकरू खाली आली. मेडिकलला तिसऱ्या वर्षाला आहे. आठ मुली आणि एक रडवेली घरमालकीण पाहून तिने विचारलं काय झालं. ऐकलं, पंखा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "टाकेच काढायचे ना? ते तर आम्हाला शिकवतात." वर जाऊन अकरा नंबरची टोकदार ब्लेडं घेऊन आली. मग हॉलमध्ये तिचा वर्ग भरला. प्रत्येक टाका कापत बसायचं नाही, म्हणे. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढायचा, सरळ निघून येतो. मी वीस वर्षं शिवतेय. आयुष्यभर एकेक टाका उसवत आले.

शेजारच्या दोघी आल्या. हे ऑफिसला जायला निघाले होते, त्यांनी बूट काढून ठेवले आणि चष्मा लावून बसले. सासूबाईही ब्लेड मागायला लागल्या, तर त्यांना कुणी देईना. "मीच मारली, मीच उसवतो नं," म्हणाल्या. शेवटी त्यांच्याकडे दोरे वेचायचं काम दिलं. ते त्यांनी एवढ्या अपमानित चेहऱ्याने केलं की शेजारणीने गुपचूप त्यांना एक पंखा सरकवला, आणि तो सगळ्यांत आधी झाला.

दुपारी मुलींसाठी पोहे केले. तर्री नाही दिली. एक थेंब जरी साडीवर पडला तरी मी रडले असते. नागपूरच्या पोरांना तर्रीशिवाय पोहे म्हणजे शिक्षाच. आठ जणींनी ते औषधासारखे गिळले.

उसवणाऱ्यांपैकी एकाकडून एका पंख्याला दोन इंचाची चीर गेली. कुणाकडून ते सांगत नाही, त्यांना ऑफिसला दांडी मारायला मीच लावली होती. चिरेवर सोनेरी लेस लावली. सुयांची भोकं मात्र ओळीने दिसत होती. ओलं फडकं घालून इस्त्री मारली, नखाने घासलं, बरीचशी बुजली. उरलेली पाचव्या रांगेतून दिसत नाहीत. साडेतीनला सगळे पंखे उघडले. मुली हॉलमध्ये उगाचच बसत-उठत राहिल्या, नवी छत्री मिळालेल्या पोरासारख्या.

निघालो आणि रस्त्यात आठवलं, विधानसभेचं अधिवेशन सुरू आहे. हिवाळी अधिवेशन म्हणजे मोर्चे, आणि मोर्चे म्हणजे सीताबर्डीपासून पुढे सगळीकडे बॅरिकेड. ऑटोवाल्याने मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटच्या बरंच आधी हात टेकले. पुढे आम्ही चालत. माझ्या दोन्ही खांद्यांवर हँगर, मागे पूर्ण मेकअप केलेल्या, आलता लावलेल्या, स्वेटर घातलेल्या आठ मुली दोघी-दोघींच्या ओळीत. बंदोबस्तावरच्या एका हवालदाराने विचारलं, "तुमच्या मागण्या काय आहेत?"

"सहाच्या आत सभागृहात पोचायचं आहे," मी म्हटलं. त्याने दोर वर केला.

ग्रीनरूममध्ये कपडे घालणं सुरू झालं आणि त्या सकाळच्या जोमदार मुलीच्या पायजम्याचं आसन उसवलेलं निघालं. सकाळी कर्र झालं होतं ते हेच. पंख्यांच्या नादात मी साफ विसरले होते. मशीन घरी. मी सुईत दोरा ओवला, चौपदरी केला, तिला म्हटलं हलू नको, आणि तिच्या मागे गुडघ्यांवर बसून शिवायला लागले. दिवा डोक्यावर, सावली कामावर. बाहेर दुसरी घंटा झाली. मी टाके घालतेय, सासूबाईंची आठवण काढून पक्के, परतीच्या टाक्याने. गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "जा." तिसरी घंटा झाली, मुलगी धावली.

आणि माझी मान तिच्याबरोबर गेली.

मी माझी ओढणी तिच्या पायजम्याला शिवली होती. गुलाबी, सुती, कडेला हळदीचा डाग असलेली घरातली ओढणी. मी दोन पावलं तिच्या मागे फरपटत गेले, विंगेपर्यंत. कात्री ग्रीनरूममध्ये, पडदा वर जायला लागलेला. मी गळ्यातून ओढणी काढली आणि सोडून दिली. दुसरं काय करणार होते?

पुष्पांजली सुरू झाली. सात मुली मोरपंखी आणि आठवीच्या मागे अडीच मीटर गुलाबी शेपूट. पोरगी मात्र हुशार. पहिल्या गिरकीला ओढणी पायात येतेय असं दिसलं, तर तिने एका हाताने झेलून खांद्यावर टाकली, आणि पुढची मुद्रा अशी केली की जणू बसवलेलंच होतं. अरमंडीत आठही पंखे एकदम उघडले. मला वाटतं ते फक्त मी आणि मॅडमनी पाहिलं. बाकी सभागृह त्या गुलाबी ओढणीकडे बघत होतं. माझ्यासमोरच विंगेच्या फटीतून पहिल्या रांगेतल्या एक आजी दिसत होत्या. त्या शेजारणीला कोपर मारून सांगत होत्या, "आमची नात. मेन रोल आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. दुसऱ्या एका मुलीची आई. आवाज नाराज. "ताई, पैसे तर सगळ्यांनी सारखेच दिले. मग एकटीलाच दुपट्टा काऊन?"

मी काय उत्तर दिलं ते राहू दे.

सासूबाईंना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पंखे उघडताना त्यांनी नाक मुरडलं. एवढं सगळं करून शेवटी सुटलंच, असा तो भाव होता. मग ती गुलाबी ओढणी आली. गिरकी, झेप, पुन्हा गिरकी. त्यांनी व्हिडिओ थांबवायला सांगितला, चष्मा चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हे कोनं शिवलं?"

"मी."

"बराबर शिवलं," त्या म्हणाल्या.

ओढणी अजून परत आलेली नाही. म्हणे, निघत नाहीये.