सोडलेल्या जमिनीची फाइल

'रेकॉर्ड नाही' हे उत्तर ऐकून ज्यांनी ज्यांनी शोध सोडला असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अमेरिकेतल्या एका जुन्या सरकारी जमिनीचे कागद शोधताना त्या उत्तरापायी आमचा अख्खा हिवाळा वाया गेला. कागद मात्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित होते.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. मुलगा मिनेसोटात असतो आणि सून तिकडचीच आहे. तिचे खापरपणजोबा नॉर्वेहून येऊन डकोटाच्या माळावर सरकारी जमीन घेऊन राहिले. घरात त्यांच्याबद्दल एक गोष्ट चालत आलेली. त्यांनी आधी दक्षिणेला एक जमीन घेतली होती, ती 'घालवली', आणि मग उत्तरेला जाऊन आजची शेती उभी केली. 'घालवली' म्हणजे काय केलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दारू, जुगार, कर्ज, ज्याला जे सुचेल ते तो सांगायचा. सून एकदा म्हणाली, "आई, तुम्ही आयुष्यभर जमिनीचेच कागद बघितलेत ना, बघा की हे काय आहे ते." तिथून सुरुवात झाली.

या जमिनी मिळायच्या त्या होमस्टेड कायद्याने. लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी त्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकर मिळायचे. तो नागरिक असावा, नाहीतर नागरिक होण्याचा इरादा त्याने रीतसर जाहीर केलेला असावा. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन नांगरायची, मग साक्षीदार घेऊन जमीन कार्यालयात पुरावा द्यायचा. नेब्रास्कातल्या डॅनियल फ्रीमन यांचा दावा पहिला मानतात. त्यांच्या पुराव्याच्या कागदात १४ बाय २० फुटांचं घर, १०० फूट लांब मेंढ्यांचा गोठा, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं अशी नोंद आहे. तो कागद इंटरनेटवर बघायला मिळतो. आपल्या फाइलमध्ये काय निघू शकेल याचा अंदाज येतो, म्हणून आधी तो बघावा.

आमची दुसरी जमीन, म्हणजे उत्तरेची, लगेच सापडली. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकेच्या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर नाव आणि राज्य टाकलं की सरकारने दिलेली मालकीची सनद दिसते. तिथले लोक तिला पेटंट म्हणतात. पेटंटवर जमिनीचं वर्णन, कार्यालयाचं नाव आणि क्रमांक असतो. त्यावरून अभिलेखागाराकडे केस फाइल मागवायची. मी मागवली तेव्हा ५० डॉलर पडले. थोडी वाट बघावी लागली, पण फाइल पूर्ण आली. मातीच्या ढेपांचं घर, किती एकर नांगरले, कापणीच्या हंगामात मजुरीसाठी किती दिवस बाहेर होते, घरात माणसं किती, सगळं प्रश्नोत्तरांत लिहिलेलं. सुनेने ते मोठ्याने वाचून काढलं. त्यातच एका प्रश्नाला उत्तर होतं: यापूर्वी एक अर्ज केला होता, ह्युरॉनच्या जमीन कार्यालयात, ती जमीन सोडली.

गाडी अडली ती इथे. पेटंटच्या संकेतस्थळावर ही पहिली जमीन नाही. असणारच नाही, कारण तिथे फक्त शेवटपर्यंत पोहोचलेले दावे आहेत. होमस्टेडखाली साधारण १६ लाख पेटंटं दिली गेली, पण अर्ज करून मध्येच सुटलेल्यांची संख्या फार मोठी आहे. दुष्काळ, टोळ, कर्ज, आजारपण, बाळंतपण, १२ जानेवारी १८८८ सारखं जीवघेणं हिमवादळ, कारणं कितीतरी. त्या सगळ्यांच्याही फाइली जपलेल्या आहेत. फक्त त्यांना नावाची सूची नाही. कार्यालय, अर्जाचा प्रकार आणि अर्जाचा क्रमांक हाती असल्याशिवाय ती फाइल मागवता येत नाही. आमच्याकडे यातलं फक्त कार्यालय होतं.

म्हणून मी तिथल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, नोंदणी कार्यालयाला फोन केला. कोणती काउंटी ते सांगत नाही. बाईंनी नाव विचारलं, सूची बघितली आणि सांगितलं, "रेकॉर्ड नाही." मी विचारलं, कशाची सूची बघितली? खरेदीखतांची. मी म्हटलं, त्यांनी ती जमीन विकलेलीच नाही, ती त्यांची झालीच नव्हती, मग खरेदीखतात नाव कसं येईल? त्यावर लेखी अर्ज करा म्हणाल्या, सोबत शुल्काचा चेक आणि परतीचं पाकीट. तेही केलं. बऱ्याच दिवसांनी पाकीट परत आलं. आत आमचंच पत्र, त्यावर शिक्का, नोंद आढळली नाही. चेक मात्र वटला होता. पुन्हा फोन केला तर दुसरं कुणीतरी होतं. त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं आणि तीच सूची उघडली.

मला राग आला तो यासाठी. नोकरीत असताना माझ्या टेबलासमोर असे लोक उभे राहायचे. त्यांना मी कधी नुसतं 'नाही' म्हणून परत पाठवलं नाही. आमच्याकडे नसेल तर ते तहसीलला असेल, की जिल्हा अभिलेख कक्षात, की आणखी कुठे, एवढं तरी सांगायचे. त्या काउंटीच्या कार्यालयात एकाही माणसाने असं म्हटलं नाही की बाई, आमच्या वह्या पेटंटपासून सुरू होतात, त्याच्या आधीचं सगळं केंद्र सरकारच्या जमीन कार्यालयाकडे. हे एक वाक्य पुरलं असतं. चुकीच्या वहीत बघून 'नाही' म्हणणं म्हणजे शोध घेणं नव्हे.

वाट सापडली ती वर्तमानपत्रात. पुरावा देण्याआधी अर्जदाराला जवळच्या वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागायची, १८७९ च्या कायद्यापासून. त्या नोटिशीत जमिनीचं वर्णन असतं आणि चार साक्षीदारांची नावं असतात. आमच्या माणसाने पुरावा दिलाच नाही, म्हणजे त्यांची स्वतःची नोटीस मिळणार नव्हती. पण शेजाऱ्यांनी दिला असेल, आणि साक्षीदार म्हणून शेजारीच बोलावतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं फुकट शोधता येतील अशी ठेवली आहेत. नॉर्वेजियन आडनावाची जेवढी रूपं सुचली तेवढी घालून बघितली. छपाई पुसट असली की यंत्र अक्षरं भलतीच वाचतं, त्यामुळे अर्धं आडनाव घालूनही बघावं. शेवटी १८८६ ची एक नोटीस मिळाली. दावा कुणा दुसऱ्याचाच, पण साक्षीदारांत तिसरं नाव आमचं.

आता टाउनशिप हाती आली. तिथली मोजणी फार सरळ आहे. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतुर्थांश १६० एकर. सरकारच्या ट्रॅक्ट बुकात प्रत्येक टाउनशिपची पानं असतात आणि त्या त्या तुकड्यावर कुणी कधी अर्ज केला ते क्रमाने लिहिलेलं असतं. ही पुस्तकं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. नाव टाकून नोंद मिळेल या भरवशावर राहू नका, पानं उलटावीच लागतात. जुने फेरफार चाळायची सवय असल्याने मला त्याचा कंटाळा आला नाही. शेजाऱ्याच्या सेक्शनपासून सुरुवात करून भोवतालचे सेक्शन बघत गेले. एका चतुर्थांशावर सुनेच्या खापरपणजोबांचं नाव होतं, १८८३ ची तारीख, अर्जाचा क्रमांक, आणि सगळ्यावर आडवी रेघ. बाजूला रद्द झाल्याचा बारीक शेरा, १८८७ चा. खालच्याच ओळीत दुसऱ्या माणसाचं नाव.

क्रमांक मिळाल्यावर फाइलही आली. मागवताना एक गोष्ट आवर्जून लिहा: प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंची प्रत हवी. आमच्या फाइलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट पावतीच्या पाठीवर होती. पुढच्या बाजूला अर्जाच्या वेळी भरलेल्या १४ डॉलरची पावती. मागे हाताने लिहिलेलं, की या जमिनीवरचा माझा सर्व हक्क मी अमेरिकेच्या सरकारला सोडून देतो. खाली सही. सहीतलं पहिलं अक्षर दोनदा गिरवलेलं.

ट्रॅक्ट बुकात पुन्हा बघितलं. खालच्या ओळीतल्या माणसाच्या अर्जाची तारीख आणि हक्क सोडल्याची तारीख एकच. जुन्या फेरफारात राजीनामा-कबुलायत, म्हणजे एकाने जमीन सोडल्याचा आणि दुसऱ्याने घेतल्याचा कागद, अशी जोडीने दिसली की गावातल्या कुणालाही कळायचं, दोघांचं आधी ठरलेलं आहे. इथेही १८८० च्या कायद्याने हक्क सोडल्याबरोबर जमीन लगेच पुढच्या माणसाला खुली व्हायची. त्यामुळे येणारा जाणाऱ्याला आधी पैसे द्यायचा आणि दोघं बरोबर कार्यालयात जायचे. हे तेव्हा सर्रास चालायचं. आमच्या फाइलमध्ये रक्कम लिहिलेली नाही, लिहीतही नसत. पण एवढं नक्की, की त्यांनी जमीन जुगारात हरली नव्हती आणि रातोरात टाकूनही गेले नव्हते. स्वतः कार्यालयात कागद देऊन, सही करून सोडली होती. पुढे २ मार्च १८८९ च्या कायद्याने पहिला दावा पूर्ण न झालेल्यांना पुन्हा अर्ज करायची मुभा मिळाली, आणि उत्तरेचा त्यांचा अर्ज १८९० चा आहे. सगळे कागद एकमेकांना जुळले. सुनेने लगेच तिच्या वडिलांना फोन लावला. तिच्या आवाजावरून त्या माणसाच्या नावावरचा डाग गेल्याचं मला कळलं, आणि ते काम आपल्या हातून झालं याचा मला अभिमान वाटतो.

फाइल वाचताना एक गोष्ट मात्र खटकत राहते. हे सगळे कागद जमीन रिकामी असल्यासारखे सुरू होतात. ती सू या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. करार आणि दबाव यांनी ती त्यांच्याकडून गेली आणि मग तिची चौकोनी मोजणी झाली. होमस्टेडच्या फाइलमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. ते कागद वेगळे मागवावे लागतात, आणि घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ते वाचलेच पाहिजेत असं माझं मत आहे.

राहिलेल्या दोन गोष्टी. नवरा मध्येच वारला असेल तर दावा विधवेच्या नावाने पूर्ण झालेला असतो, म्हणून तिच्या नावानेही शोधा. आणि १९०८ च्या मध्यापासून पेटंटांना देशभर एकाच मालिकेतले अनुक्रमांक लागू झाले. त्यानंतरची फाइल मागवणं बरंच सोपं आहे, जुन्यांसाठीच कार्यालयाचं नाव लागतं.

सध्या मी सुनेच्या खापरपणजोबांच्या धाकट्या बहिणीचा दावा शोधते आहे. अविवाहित बाईला स्वतःच्या नावाने अर्ज करता यायचा, आणि तिने तो केला होता असं घरात सांगतात. लग्नानंतर नाव बदललं असणार. तेव्हा सुरुवात पुन्हा शेजाऱ्यांच्या नोटिशींपासूनच केली आहे.