तुम्ही विचारलंत म्हणून : पाइपच्या तोंडाला टोपी कशाला?

प्रत्येक साइटवर हा प्रश्न एकदा तरी येतोच. धुळ्याकडचा गवंडी असला तर हसत विचारतो, "भो, पाइपले काय सर्दी व्हस का?" दवाखाना बांधणारे डॉक्टर जरा सभ्य भाषेत विचारतात, "अहो, दहा-वीस रुपयांच्या टोप्यांसाठी माझा गिलावा दोन दिवस का अडवला?" आणि घरी साडू विचारतो, कारण त्याला माझं काम नक्की काय आहे तेच अजून कळलेलं नाही. तर एकदाच सगळ्यांना मिळून सांगतो.

माझं काम दवाखान्यातल्या गॅस लाइनचं. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर पॅनल असतं, त्यात ऑक्सिजनचं, व्हॅक्यूमचं, एअरचं आऊटलेट असतं. त्यामागे तांब्याचं जाळं असतं, बहुतेक १२ ते २८ मिलिमीटरच्या नळ्यांचं, आणि ते कुठेतरी मागच्या बाजूला टाकीपर्यंत, सिलिंडरच्या रांगेपर्यंत किंवा हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या प्लांटपर्यंत जातं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मी हे काम केलंय. कोविडच्या आधी लोक "गॅसवाला" म्हणायचे आणि शेगडी दुरुस्त करायला बोलवायचे. २०२१ नंतर ऑक्सिजनची लाइन म्हणजे काय ते गावागावात कळलं, पण लाइनचं तोंड झाकायचं असतं हे काही कळलं नाही.

अडचण अशी की आमचं काम इमारतीच्या बांधकामाच्या मधोमध येतं. विटांचं काम झालेलं असतं, गिलावा व्हायचा असतो. आम्ही भिंतीत झिरी पाडून वरून नळी खाली आणतो, तिला आम्ही ड्रॉप म्हणतो. मग आम्ही निघून जातो आणि गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पुट्टीवाले, फॉल्स सीलिंगवाले एकामागून एक येतात. पॅनल बसायला कधी चार महिने लागतात, कधी मालकाचे पैसे अडकले तर वर्ष. एवढा काळ ती नळी भिंतीतून तोंड वासून उभी. कटरची भुकटी, सिमेंट, पीओपी, रंगाचे शिंतोडे सगळं तिच्यात. त्यात आपली हवा. चैत्र-वैशाखात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर चढतो, दुपारी वावटळ उठते आणि काळ्या मातीचा फुफाटा तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आत येतो. जिनिंगच्या बाजूला साइट असेल तर हवेत कापसाची रुई तरंगत असते, ती वेगळी. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरला हे फोनवर सांगून पटत नाही.

"मग काय, शेवटी जोरात हवा मारायची, निघून जाईल." हे पुढचं वाक्य. सुकी धूळ पुष्कळशी निघते, कबूल. पण गिलावा झाला की गवंडी त्यावर पाणी मारतो, रोज, आठवडाभर. ते पाणी भिंतीवरून ओघळत उघड्या तोंडात शिरतं. आत आधीच पीओपी आणि सिमेंटची भुकटी पडलेली. आता तुम्हीच सांगा, भुकटी आणि पाणी एकत्र आल्यावर काय होतं? तांब्याच्या आत गिलावा होतो. तो हवेनं निघत नाही. निघतो तो नंतर, थोडा थोडा सुटून, लाइन चालू झाल्यावर. सुटलेला कण जाऊन बसतो आऊटलेटच्या व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे आऊटलेट गळायला लागतं, नाहीतर व्हेंटिलेटरच्या बारीक फिल्टरवर. रुग्णाच्या नळीपर्यंत जाऊ नये म्हणूनच तो फिल्टर असतो, पण तो तुंबला की मशीन श्वास द्यायला कमी पडतं आणि ओरडायला लागतं.

आता माझीच एक चूक सांगतो. नवीन होतो तेव्हाची, वीसेक वर्षं झाली. एका तालुक्याच्या गावातला छोटा दवाखाना. दुपारी जेवायला उतरताना १५ मिलिमीटरच्या नळीचं तोंड उघडं दिसलं. टोपी नव्हती, तेव्हा आमच्याकडे टोप्या असायच्याच नाहीत. मी आपला शहाणपणानं खिशातली चिंधी त्यात कोंबली आणि गेलो. डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, ते खाऊन झोप लागली. तेवढ्यात दुसऱ्या फिटरनं येऊन पुढचा जोड मारून टाकला. चिंधी आतच.

लाइन पूर्ण झाली, दाब भरला, कामाच्या दाबापेक्षा जास्त. चोवीस तास मीटरचा काटा हलला नाही. ठेकेदारानं माझी पाठ थोपटली. दाबाच्या चाचणीला एवढंच कळतं की गॅस बाहेर जात नाहीये. आत काय पडलंय ते तिला कळत नाही. चिंधीतून दाब आरपार जातो, वेळ लागतो इतकंच, आणि आमच्याकडे चोवीस तास होते. लाइनचा दाब साधारण ४ बार असतो, तो चिंधीवाल्या लाइनच्या खाटेवरही बरोबर ४ बारच दाखवत होता. फ्लोमीटर लावून मिनिटाला पाच लिटर सोडले तेही नीट आले. मग भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. रुग्ण घ्यायच्या आधी स्वतः व्हेंटिलेटर लावून बघायचा त्यांचा शिरस्ता. मशीननं एकदम जास्त ओढ घेतली, तसा मीटरचा काटा धाडकन खाली आला आणि अलार्म वाजला. बाकी सगळ्या खाटा ठीक. दोन दिवस छत उघडून शोधलं, शेवटी नळी कापली तेव्हा एल्बोजवळ, म्हणजे नळीच्या वळणाच्या जोडाजवळ, जोड मारतानाच्या आचेनं अर्धवट जळून कोळसा झालेली चिंधी मिळाली. माझ्या सदऱ्याचंच कापड होतं, मी लगेच ओळखलं. ठेकेदाराला मात्र सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

त्या चिंधीला तेल लागलेलं नव्हतं हे नशीब. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला अशी साथ देतो की एरवी नुसता धुमसणारा पदार्थसुद्धा भडकतो. व्हॉल्व्ह झटकन उघडला की पुढच्या बंद टोकाशी गॅस दाबला जाऊन क्षणभर तापतो. सायकलचा पंप हाताला गरम लागतो तेच, पण फार जोरात. तिथे तेलाचा डाग असला तर पेट घ्यायला तेवढं पुरतं. म्हणून या कामाच्या नळ्या कारखान्यातूनच तेल-ग्रीस धुऊन, दोन्ही टोकांना टोप्या लावून येतात. साधी एसीची नळी स्वस्त पडते म्हणून वापरू का, असंही विचारतात. नाही. आणि टोप्या लावून आलेली नळी साइटवर आली की बिगारी पहिलं काम काय करतो? सगळ्या टोप्या काढून फेकतो, कारण नळ्या एकात एक सरकवून ठेवायच्या असतात.

टोपीऐवजी मास्किंग टेप लावणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडच्या उन्हात त्या टेपचा गोंद वितळतो, टेप घसरून लोंबते आणि गोंद नळीच्या काठाला राहतो. गोंद म्हणजे पुन्हा जळणारी वस्तूच. शिवाय टेप लावली की झाकल्यासारखं दिसतं, कोणी परत बघत नाही. मला उघडं तोंड परवडतं, निदान ते दिसतं तरी.

आणि कुंभारीण. हे ऐकून सगळे हसतात, म्हणून सविस्तर सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात साइट ओस पडते. लेकी माहेराला येतात, झोके बांधले जातात, आणि एकही मजूर आठवडाभर फिरकत नाही. अशाच एका आखाजीला आम्ही बाळंतपणाच्या दवाखान्यात २६ ड्रॉप सोडून गेलो. टोप्या कमी पडल्या होत्या, म्हटलं आल्यावर बघू. आलो तर सात तोंडं मातीनं लिंपलेली, हातानं सारवल्यासारखी गुळगुळीत. मला वाटलं पोरांनी खेळ केला. खरवडलं तर आत मातीच्या खोल्या, आणि त्यात नांगी मारून सुन्न केलेल्या हिरव्या अळ्या, पिल्लांची शिदोरी. कुंभारीण माशीला बोटाएवढं भोक तयार मिळालं तर ती ते सोडत नाही, आणि आमची नळी म्हणजे तिच्या मापाचंच घर. आमची आई म्हणायची, कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. बाळंतपणाच्या दवाखान्यात तिनं यावं हे तसं योग्यच. पण त्या सातही ड्रॉपची हात-हातभर नळी कापून टाकावी लागली. काही खोल्या एल्बोच्या पलीकडे होत्या, आणि त्या हवेनं निघाल्याच असतील असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो.

टोपीचा आणखी एक उपयोग फार कमी लोकांना माहीत आहे. तांब्याचा जोड चांदी मिसळलेल्या काडीनं मारतात, तेव्हा नळी लाल होते. आत साधी हवा असेल तर तांब्यावर काळी खपली धरते, आणि ती नंतर पापुद्र्यासारखी सुटते. म्हणून जोड मारताना आतून कोरडा नायट्रोजन हळूहळू सोडत राहायचा, जोड निवेपर्यंत. पण दुसरं टोक सताड उघडं असेल तर नायट्रोजन निघून जातो आणि हवा मागे शिरते. तिथे बारीक भोक पाडलेली टोपी लागते. म्हणजे माझ्या पेटीत दोन प्रकारच्या टोप्या, भोकवाली आणि बिनभोकाची, आणि नवीन पोरगा हमखास भोकवाली टोपी भिंतीत लावून जातो.

शेवटची परीक्षा पांढऱ्या कापडाची. प्रत्येक आऊटलेटसमोर स्वच्छ पांढरं फडकं धरायचं आणि थांबून थांबून जोरात गॅस सोडायचा. डाग दिसला की पुन्हा, डाग थांबेपर्यंत. राखाडी डाग सिमेंटचा, काळा खपलीचा, पांढऱ्यावर पांढरा पीओपीचा, तो उन्हात तिरका धरून बघावा लागतो. अमेरिकेच्या एनएफपीए ९९ या दवाखान्यांसाठीच्या नियमावलीत याच्या पुढची पायरी आहे. सगळ्यात लांबच्या आऊटलेटमधून किमान १००० लिटर गॅस ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सोडायचा, आणि फिल्टरवर १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही सापडता कामा नये. १ मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे दहा-पंधरा दाणे. हा आकडा मी डॉक्टरांना सांगतो तेव्हा गिलाव्याचे दोन दिवस ते मुकाट्यानं देतात.

एकेका गॅसची लाइन वेगळी तपासायची, बाकीच्या रिकाम्या ठेवून, हेही त्याच वेळी होतं. सिडनीच्या एका रुग्णालयात २०१६ मध्ये ऑक्सिजन लिहिलेल्या आऊटलेटमधून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तो गॅस, येत होता. दोन नवजात बाळांना तो दिला गेला, त्यातलं एक दगावलं. ती चूक धुळीची नव्हती, जोडणीची होती. पण आऊटलेटवरची अक्षरं वाचून काम संपत नाही, त्यातून काय येतं ते प्रत्येक तोंडाशी बघावं लागतं.

घरच्या गॅसचंही विचारता, तर ते थोडक्यात. नव्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघरात गॅसचा पाइप आधीच काढून ठेवतात. तिथे नुसती कॉक बंद करून भागत नाही, आटे असलेला प्लग बसवून घ्या. कॉकच्या पुढच्या तोंडात सिमेंट गेलं तर ती नंतर नीट बंद होत नाही. घरातला पाइपवाला नैसर्गिक गॅस अवघ्या २१ मिलिबार दाबाचा असतो, अगदी मऊ. त्याच्या वाटेत चिमूटभर गिलावा आला तरी शेगडीची ज्योत रुसते, आणि मग लोक शेगडी बदलतात. पाइप फुंकून साफ करायचा झाला तर गॅसवाल्यालाच बोलवा. आणि तोंड झाकायला कागदाचा बोळा कोंबू नका, माझी चिंधी आठवा.

त्या चिंधीनंतर मी एक पद्धत लावून घेतली. ऑपरेशनमध्ये गॉज मोजतात तशा आम्ही टोप्या मोजतो. ड्रॉपला नंबर, टोपीला तोच नंबर, वहीत नोंद. पॅनल बसताना टोपी परत आली पाहिजे. मागच्या हिवाळ्यात शहाद्याकडच्या एका कामाला ६४ दिल्या होत्या, परत आल्या ६३. एकतिसावी नव्हती. संध्याकाळपर्यंत शोधलं. शेवटी सेंट्रिंगवाल्याच्या मुलीच्या भातुकलीत सापडली, लाल कप झालेली, त्यात खोटा चहासुद्धा ओतलेला. कधी काढलीस गं, विचारलं तर म्हणाली, "कवयनी." म्हणजे केव्हाच. एकतिसाव्या ड्रॉपला फडकं धरलं, राखाडी. पुन्हा, राखाडी. तिसऱ्यांदाही तेच, तेव्हा फूटभर नळी कापून नवी लावली. वहीत ६४ लिहिलं. टोपी काही तिच्याकडून परत घेतली नाही, वर बशी म्हणून पेटीतली आणखी एक दिली. भोकवाली होती, पण बशीला चालते.