दहा टक्क्यांसाठी अडीच महिने

पीएचडीची पेट (प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, दर सहा महिन्यांचं प्रेझेंटेशन यातलं काहीच सांगण्यासारखं नाही. सगळं झालं. अडकलो ते साम्य-अहवालात, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो हे सांगणाऱ्या रिपोर्टात, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

माझा विषय फोनवरच्या व्हिडिओचा. डॅश पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात सर्व्हरवर ठेवतात. पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागवायचा हे रेंज बघून फोन ठरवतो. रेंज गेल्यावर काय होतं हे मोजायला मी वैभववाडीच्या एसटीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. करूळ घाट लागला की आलेख तळाला. कंडक्टर म्हणायचे, "सर्व्हेवाले काय वो तुमी?"

प्रबंध विद्यापीठात तपासायला दिला तर साम्य २३ टक्के. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत चालतं. त्यावर ४० पर्यंत गेलं की सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "खाली आणा, मग या." हातात फक्त आकडा असलेलं पहिलं पान. पूर्ण रिपोर्ट द्यायची पद्धत नाही म्हणे!

मग घरी बसून वाक्यं फिरवत राहिलो. 'मीन स्क्वेअर एरर'ला दुसरं काय म्हणणार? एच.२६४ हे व्हिडिओ लहान करून साठवण्याचं मानक २००३ मध्ये आलं, हे वाक्य किती प्रकारे लिहिता येतं ते मला विचारा. महिनाभरानं १९ टक्के. परत "खाली आणा". चार वेळा केएमटीनं (कोल्हापूरच्या सिटी बसनं) गेलो, एकदा तर साहेब जेवायला गेलेत म्हणून दीड तास व्हरांड्यात उभा.

शेवटी तिथल्या शिपाईमामांनी बाजूला घेतलं. "तोंडी मागू नका सर. अर्ज द्या, आवकचा नंबर घ्या." तिसऱ्या दिवशी पूर्ण रिपोर्ट मिळाला. उघडून बघतो तर संदर्भसूची अख्खी लाल! अनुक्रमणिका लाल, ऋणनिर्देशसुद्धा लाल. नियमात हे सगळं वगळायचं आहे, प्रमाणित समीकरणंही, सलग चौदा शब्दांपर्यंतचं किरकोळ साम्यही. तपासताना कुणी ते वगळायची खूणच केली नव्हती. माझे स्वतःचे दोन पेपरही मोजलेले. त्यासाठी गाइडच्या सहीचं पत्र जोडलं. पुन्हा तपासलं, ८ टक्के.

म्हणून पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या. आणि हो, शोधगंगेसाठी (प्रबंध ऑनलाइन ठेवतात त्या संग्रहासाठी) प्रकरणवार पीडीएफ लागतात, त्या आधीपासून वेगळ्या ठेवा. पेपर छापण्याची सक्ती यूजीसीनं २०२२च्या नियमांत काढली आहे, तरी आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघून घ्या.

आणि अहवाल हातात पडल्याशिवाय बाइंडिंग करू नका. मी उत्साहात राजारामपुरीत पाच प्रती करून ठेवल्या होत्या. त्या पलंगाखाली आहेत, मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत २०२३. प्रबंध जमा झाला २०२४ मध्ये.