सौदा करणारा वेगळा, हिशोब बघणारा वेगळा

स्वतःच्या भांडवलावर बाजारात सौदे करणारी आमची छोटी भागीदारी फर्म आहे. आम्ही दोघे भागीदार सौदे करतो आणि एक सहकारी हिशोब व जोखीम सांभाळतात. बाहेरच्या कोणाचे पैसे आम्ही घेत नाही आणि कोणाला टिप्सही देत नाही. आमच्याकडे माल नाही, यंत्रं नाहीत, गिऱ्हाईक नाही, त्यामुळे लोकांना हा धंदा वाटतच नाही. सौदे बरे-वाईट होतच राहतात. सांगण्यासारखं आहे ते या कामाला धंद्याची घडी कशी बसवली ते.

पहिलं काम केलं ते पैसे वेगळे करण्याचं. वर्षभराचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय एकही सौदा करायचा नाही, असं ठरवलं. महिना चांगला जावो की वाईट, भागीदाराने ठरलेली रक्कमच उचलायची. ज्याला कर्जाचा हप्ता याच आठवड्याच्या सौद्यातून काढायचा असतो, त्याला बाजारात संधी नसली तरी ती दिसायला लागते. घर आणि फर्म यांची खाती वेगळी झाली, तेव्हाच 'आज काहीच करायचं नाही' असं म्हणणं आम्हाला परवडू लागलं.

मग आकाराचा प्रश्न आला. किती घ्यायचं, हे आमच्याकडे मनाला विचारून ठरत नाही. भांडवल 10 लाख धरा आणि एका सौद्यात जास्तीत जास्त 1 टक्का, म्हणजे 10 हजार, गमवायची तयारी धरा. शेअर 500 ला घ्यायचा आहे आणि 480 च्या खाली गेला तर आपला अंदाज चुकला असं समजायचं आहे. एका शेअरमागे जोखीम 20, म्हणजे 10 हजार भागिले 20, म्हणून 500 नगच घ्यायचे. कितीही खात्री वाटली तरी 501 नाही. यातली खाचही माहीत हवी. रात्रीत बातमी आली आणि सकाळी भाव थेट 465 ला उघडला, तर 480 चा स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला बाहेर पडायचा भाव, कागदावरच राहतो आणि तोटा 17,500 होतो. म्हणून मुक्कामी ठेवायच्या पोझिशनचा, म्हणजे रात्रभर उघड्या ठेवलेल्या सौद्याचा, आकार आम्ही आणखी कमी करतो.

एवढं काटेकोर का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. भांडवल 10 टक्के घटलं तर भरून यायला 11 टक्क्यांच्या आसपास नफा लागतो. 25 टक्के गेलं तर 33 टक्के लागतो आणि 50 टक्के गेलं तर थेट दुप्पट करावे लागतात. खोल खड्ड्यातून वर यायला लागणारी वर्षं कोणत्याच फर्मकडे फुकट नसतात.

शंभरातले चाळीसच सौदे फायद्यात जाणारी पद्धतही चांगली चालते. जोखमीच्या दुप्पट नफा आणि एकपट तोटा असं सरासरी प्रमाण राहिलं, तर खर्च धरण्याआधी प्रत्येक सौद्यामागे सरासरी जोखमीच्या 20 टक्क्यांइतकी कमाई उरायची जागा असते. पण याच पद्धतीत वर्षाला दोनशे सौदे केले, तर सलग आठ तोटे कधीतरी येण्याचीच शक्यता जास्त असते. हे आधी कागदावर मांडून ठेवलेलं असलं की तोट्यांची रांग लागली तरी माणूस चांगली पद्धत मोडीत काढत नाही.

म्हणून तोट्याला आम्ही खर्चाच्या बाजूला बसवलं. ब्रोकरेज, कर, डेटाची फी, स्लिपेज (ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यातला फरक) आणि नियमाप्रमाणे स्टॉप-लॉसवर निघालेले सौदे, सगळं एकाच पानावर येतं. वहीत आणखी एक रकाना आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच: 'नियमाबाहेर'. ठरल्यापेक्षा मोठा आकार, खाली सरकवलेला स्टॉप-लॉस, योजनेत नसलेली एंट्री हे सगळं त्यात जातं, मग त्यात नफा झालेला असो. किंबहुना नफा झालेल्या नोंदीवर महिनाअखेरीला जास्त वेळ बोलणं होतं. तोट्याने नियम मोडणाऱ्याला चटका तरी बसतो. नफ्याने त्याला शाबासकी मिळते आणि पुढच्या वेळी तो आणखी मोठा आकार घेऊन येतो.

माणसाचं मन या कामासाठी घडलेलंच नाही. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख माणसाला जास्त जाणवतं. शेफ्रिन आणि स्टॅटमन या वित्त-अभ्यासकांनी 1985 मध्ये त्याचं बाजारातलं रूप मांडलं: गुंतवणूकदार नफ्यातले शेअर लवकर विकून टाकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात. 'खरेदीच्या भावाला आलं की निघतो' हे वाक्य कोणी ऐकलेलं नाही? हा स्वभाव उपदेशाने जात नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याला व्यवस्थाच लागते.

आमची व्यवस्था एका वाक्यात मावते: जो सौदा करतो त्याने हिशोब बघायचा नाही. बेअरिंग्ज ही 1762 सालची ब्रिटिश बँक फेब्रुवारी 1995 मध्ये बुडाली. सिंगापूरमधला तिचा ट्रेडर निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांची नोंद व पूर्तता बघणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. 88888 या खात्यात तोटा दडत गेला आणि शेवटी 82 कोटी पौंडांच्या वर पोचला. बँक नाममात्र एका पौंडाला विकली गेली. मोठ्या बँकेला जे भोवलं, त्यातून तिघांच्या फर्मला सूट कशी मिळेल?

त्यामुळे दिवसाची तोट्याची मर्यादा गाठली की आमच्या सहकारी फोन करतात. एका दुपारी माझे भागीदार स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाले, "ताई, पाच मिनिटं द्या, भाव वळतोय." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "दादा, मर्यादा संपली. पोझिशन बंद करा, मी लिहून ठेवतेय." पोझिशन बंद झाली. भाव नंतर वळला का, हे त्या दिवशी कोणी विचारायचं नाही, हाही नियमच आहे. नाहीतर ताईंच्या प्रत्येक निर्णयाची किंमत नफ्या-तोट्यात मोजली जाईल आणि एक दिवस त्या फोन करायला कचरतील. मर्यादा बदलता येते, पण बाजार बंद असताना, तिघांच्या सह्यांनी.

अलीकडे काही ऑर्डर संगणकाकडून जाऊ लागल्या, तेव्हा हाच नियम तिथेही लावला. 1 ऑगस्ट 2012 ला नाइट कॅपिटल या अमेरिकी फर्मच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा प्रोग्राम चढवायचा राहून गेला, जुना निकामी कोड जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. आमच्याकडे बदल एक जण करतो, तपासतो दुसरा आणि सगळ्या ऑर्डर एकदम थांबवायचं बटण ताईंच्या टेबलावर असतं.

आता एक शिकाऊ मुलगा येऊ लागलाय. त्याला अजून सौदे करायचं टर्मिनल दिलेलं नाही. सध्या तो आम्हा दोघांच्या सौद्यांची वही भरतो आणि 'नियमाबाहेर'च्या रकान्यात काय जायचं ते स्वतः ठरवतो. गेल्या आठवड्यात त्याने माझा एक फायद्यातला सौदा तिथे लिहिला आणि कारणही लिहिलं: एंट्री सकाळच्या यादीत नव्हती. नोंद तशीच राहिली आहे. महिनाअखेरीच्या बैठकीत त्यावर तो बोलेल, मी ऐकेन.