आमची वाटचाल : भोसरी ते विन्स्टन-सेलम

आमचं मशीन शॉप नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलमला आहे. सहा माणसं, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी म्हणजे उभं मिलिंग मशीन, आणि बरंचसं काम रेसच्या गाड्यांचं, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), स्पेसर, ब्रॅकेट वगैरे. भोसरीचा माणूस नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक-कार रेसच्या, मुलखात कसा काय गेला असं ओळखीचे सगळे विचारतात म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

बाबांचं भोसरीत छोटं वर्कशॉप होतं, लेथवर हात तिथेच बसला. पुढे नोकरीसाठी इकडे आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात कंपनीतल्या एकाने शनिवारी रात्री बोमन ग्रे स्टेडियमला नेलं. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट ट्रॅक, १९४९ पासून तिथे नॅस्कारच्या रेस होतात. गाड्या एकमेकींना घासत पळतात, जळक्या रबराचा वास, आणि गर्दी अगदी आपल्या बैलगाडा घाटावर असते तशी, आजोबांपासून नातवापर्यंत. मी तिथेच अडकलो.

ह्याच स्टेडियममध्ये पुढे नॅस्कारचा मोठा टीम-मालक झालेला रिचर्ड चिल्ड्रेस लहानपणी शेंगदाणे विकायचा. पहिली गाडी घेतली ती वीस डॉलरची जुनी टॅक्सी, १९४७ ची प्लिमथ. १९६९ ला टॅलाडेगाच्या नव्या ट्रॅकवर टायर फाटायला लागले म्हणून मोठे ड्रायव्हर निघून गेले आणि ह्या पोराला मोठ्या रेसमध्ये उतरायला मिळालं. मग स्वतःची टीम, स्वतःची गाडी, चालवणारा पण स्वतःच. २८५ रेस धावला, एकही जिंकला नाही.

माझी पहिली चार वर्षं तशीच गेली. भाड्याची शेड, एक सेकंडहँड लेथ, कोटेशन मीच, सेटिंग मीच, रात्रपाळी पण मीच. एका रात्री कोटेशनच्या गडबडीत ऑफसेट (टूल किती कापणार ते मशीनला सांगणारा आकडा) चुकीचा टाकला आणि चाळीस हबचा लॉट तसाच काढून मोकळा झालो. सकाळी बेअरिंग बसवायला घेतलं, जे प्रेसशिवाय जायला नको ते हाताने टपकन आत पडलं. चाळीसच्या चाळीस स्क्रॅप. मटेरियलचे पैसे माझे गेले आणि ते गिऱ्हाईक पण गेलं.

तसाच दुसरा जॉब काढताना नुकताच लावलेला कॉलेजातला एक पोरगा शेजारी उभा होता. कटचा आवाज ऐकून म्हणाला, चॅटर येतोय, टूल थरथरतंय, कमी नोज रेडियसचं, म्हणजे जरा टोकदार इन्सर्ट लावून बघू का? लावलं. बोअर, म्हणजे हबचं भोक, आरशासारखा आला आणि मोजायच्या डायलचा काटा जागचा हलला नाही. मी वीस वर्षं लेथवर घालवली होती तरी त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला होता, हे मला त्या दिवशी कळलं आणि आतून लागलं पण.

त्याच आठवड्यात वेलकम नावाच्या गावाला गेलो. चिल्ड्रेसची टीम तिथे आहे आणि म्युझियम पण, तीन नंबरच्या काळ्या गाड्या ओळीने उभ्या असतात. १९८१ च्या ऑगस्टमध्ये चिल्ड्रेस स्वतः गाडीतून उतरला आणि ती डेल अर्नहार्ट ह्या ड्रायव्हरला दिली. वय पस्तीस, म्हणजे अजून चालवता आलं असतं. सीझन संपल्यावर अर्नहार्ट दुसरीकडे गेला पण हा काही परत ड्रायव्हर व्हायला गेला नाही, रिकी रड नावाच्या ड्रायव्हरला बसवलं आणि १९८३ ला रिव्हरसाइडला टीमची पहिली रेस जिंकली. १९८४ ला अर्नहार्ट परत आला, मग सहा चॅम्पियनशिप. २००१ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या रेसमध्ये अपघात होऊन अर्नहार्ट वारला तेव्हा मोठा घाव होता, तरी तीनच आठवड्यांनी केविन हार्विकने त्याच टीमच्या गाडीत अटलांटाची रेस ०.००६ सेकंदाने जिंकली.

मी त्या काळ्या गाड्यांपुढे बराच वेळ उभा होतो. सोमवारी लेथ पोराच्या ताब्यात दिला. सुरुवातीला हात शिवशिवायचे, तो सेटिंग करत असला की मी मुद्दाम बाहेर जाऊन फोन करत बसायचो. पण फोन केल्यामुळेच तीन मॉडिफाइड (रेसच्या गाड्यांचा एक प्रकार) टीमचं काम मिळालं, मग दुसरा लेथ आला, मग व्हीएमसी. दोन वर्षांपूर्वी त्याला दहा टक्के भागीदारी दिली. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, बरं केलंस, मी केलं नाही ते.

सीझन सुरू झाला की शनिवारी आम्ही सहाही जण बोमन ग्रेला असतो. रेस संपली की तो पोरगा पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात तिथे, जातो आणि आमचा हब किती तापलाय ते हात लावून बघतो.